मदत हवी आहे : ईबी-५ साठी पैसे कसे पाठवलेत?

नमस्कार मंडळी. लेक अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आहे, तिच्यासाठी ईबी-५ चं (तिथे पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवायचं) बघतोय. त्यातली रीजनल सेंटरची (सरकारमान्य संस्थेमार्फत प्रकल्पात पैसे गुंतवायची) योजना सध्या ३० सप्टेंबर २०२७ पर्यंतच आहे. पण ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत अर्ज गेला, तर पुढे नूतनीकरण रखडलं तरी तो अडकणार नाही, अशी तरतूद २०२२ च्या कायद्यात आहे. (२०२१ मध्ये योजना बंद पडली तेव्हा लोक कसे लटकले होते!)

घोडं पैशांपाशी अडलंय. ग्रामीण प्रकल्पालाही ८ लाख डॉलर लागतात, एलआरएसमध्ये (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच जातात. घरात आम्ही तिघं, म्हणजे साडेसात. मार्च आणि एप्रिल असे दोन आर्थिक वर्षांत विभागून कोणी पाठवलेत का? फ्लॅट विकून आलेल्या पैशांसाठी कोणती कागदपत्रं मागितली? एजंटचं नको, स्वतःचा अनुभव सांगा.