विहाराच्या गच्चीवर स्तूप हवा की अभ्यासिका?

येरवडेकर (धागाकर्ता):
जय भीम मंडळी. आमच्या वस्तीतल्या विहाराची गच्ची रिकामी आहे आणि वर्गणीचे थोडे पैसे जमलेत. ज्येष्ठ म्हणतात, पांढरा स्तूप बांधू, पुलावरूनसुद्धा दिसेल. आम्हा पोरांचं म्हणणं, पत्रे टाकून अभ्यासिका करू. एमपीएससीची पोरं सदाशिव पेठेत भाडं भरून खुर्ची धरतात, त्यांची इथेच सोय होईल.

माझं मत सरळ आहे. महापरिनिब्बाण सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या अखेरच्या दिवसांच्या सुत्तात, त्यांचा शिष्य आनंद विचारतो, तथागतांच्या (म्हणजे बुद्धांच्या) देहाचं पुढे काय करायचं? बुद्ध सांगतात, त्या पूजेत तुम्ही अडकू नका, आपल्या साधनेला लागा. इतकं स्वच्छ सांगितल्यावर घुमट कशाला? धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञा घेऊन देव सोडले ते सिमेंटचा नवा देव आणायला का?

लेणीभटकी:
दादा, सुत्त अर्ध्यावरच सोडलंत. तिथेच पुढे आहे की चार रस्ते मिळतात तिथे तथागतांचा स्तूप उभारावा. तो पाहून ज्यांचं चित्त प्रसन्न होईल त्यांचं दीर्घकाळ भलं होईल. अडकू नका हे आनंदला, म्हणजे भिक्खूंना सांगितलं. ते काम श्रद्धाळू गृहस्थ करतील, असंही तिथेच आहे.

आणि देव म्हणाल तर एकदा भाज्याच्या लेण्यांत जाऊन या. लोकलने मळवलीला उतरायचं, पुढे चालत. चैत्यगृहातल्या स्तूपावर मूर्ती नाही, काही नाही, नुसता कोरा गोल दगड. खांब आत कललेले, आणि खांब नि भिंत यांच्यामधून फिरायची चिंचोळी वाट. मी तीन फेऱ्या घालते. पहिल्या फेरीत परतीच्या लोकलची वेळ डोक्यात असते, दुसरीत घरची भांडणं. तिसरीत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. समोर मागायला कुणी नाही, म्हणून मागणंच गळतं. बाहेर थोड्या अंतरावर चौदा लहान स्तूप दाटीने उभे आहेत, त्यांतल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलीत. तिथेच राहिलेली, ध्यान केलेली माणसं ती. त्यांना तुम्ही देव म्हणणार?

येरवडेकर:
भाजे मीही पाहिलंय ताई. स्तूपाला टेकून पोरं फोटो काढत होती. कार्ल्याला तर गर्दी एकवीरेला. एवढ्या मोठ्या चैत्याकडे पाठ करून लोक रांगेत. अर्थ दगडात असता तर त्यांनाही कळला असता ना? आणि ब्रह्मदेशात काय चालतं बघा. रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्यात, म्हणजे तिकडच्या स्तूपात, जन्मवाराप्रमाणे कोपरे ठरलेत. बुधवारचे तर दोन, दुपारनंतर जन्मलेल्यांचा वेगळा, राहूचा. आपल्या कोपऱ्यातल्या मूर्तीवर पाणी घालायचं. आपण शनीला तेल घालणं सोडलं आणि हे धरायचं?

दापोडीचे अण्णा:
बाळा, २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. ती रंगूनहूनच आणलेली. ते मूर्तिपूजक झाले का? आणि ६ डिसेंबरला तू दादरला रांगेत उभा राहतोस तो चैत्यभूमीचा स्तूपच की. आत त्यांच्या अस्थी आहेत. तिथे तुझा घसा दाटतो का नाही, खरं सांग.

येरवडेकर:
दाटतो अण्णा, नाही कशाला म्हणू. पण शिवाजी पार्कातून माणूस निघतो तेव्हा हातात प्रसाद नसतो, पुस्तकांची पिशवी असते. माझी अभ्यासिका त्याच पिशवीतून निघालीय.

अनापान:
मधे बोलतो. मी इगतपुरीला विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलंय. तिथल्या पॅगोड्यात एकेकट्यासाठी खोल्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. दार ओढलं की अंधार, एक बैठक आणि शेजारच्याचा खोकला. चौथ्या दिवशी गुडघ्याची कळ एवढी वाढली की पॅगोडा गेला उडत म्हणून उठणार होतो. उठलो नाही. पॅगोड्याचा अर्थ मला विचाराल तर तो त्या न उठण्यात आहे.

एक फरक मात्र लक्षात घ्या. जुना स्तूप भरीव, आत शिरताच येत नाही. गर्भात धातू, म्हणजे अस्थी-अवशेष, आणि आपण बाहेरून प्रदक्षिणा घालायची. श्वेडगोनही तसाच. मुंबईजवळच्या गोराईचा पॅगोडा त्याच घाटाचा, पण पोकळ. विनाखांबी दगडी घुमटाखाली आठ हजारांच्या आसपास माणसं ध्यानाला बसतील एवढा, आणि धातू वर घुमटात. १९६९ साली गोयंका गुरुजींनी ब्रह्मदेशातून विपश्यना इथे परत आणली, त्या ऋणाची ती खूण. म्हणजे स्तूपाभोवती फिरा नाहीतर आत बसा. गच्चीवरच्या शोभेच्या घुमटात यातलं काय होणार?

लेणीभटकी:
हे मात्र पटलं. लांबून दिसावा म्हणून असेल तर माझाही विरोध.

दापोडीचे अण्णा:
आणि देणगीदारांच्या फरश्या लागल्या की संपलंच. एका ठिकाणी पायरीपायरीवर नावं वाचत वर गेलोय.

लेणीभटकी:
अण्णा, नावं कार्ल्यालाही आहेत हो! धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरवाल्याने, दार दिल्याचं कोरलंय. त्यामुळेच तो आज आपल्याला ठाऊक आहे. फरशीवर एवढे चिडू नका.

येरवडेकर:
बरं, प्रदक्षिणेला जागा सोडून लहान स्तूप आणि उरलेल्या भागात अभ्यासिका, असं रविवारी मांडून बघतो. पण गच्चीच्या बरोबर मधोमध पाण्याची टाकी आहे. ती हलवायची कुठे, ते आधी सांगा.