स्मॉल कॅपमध्ये ‘व्हॅल्यू’ बघणारा फंड कसा ओळखायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ४१. पुढच्या महिन्यात एक एफडी मॅच्युअर होतेय. त्यातले तीन लाख आठ-दहा वर्षं लागणार नाहीत. लहान कंपन्यांचे स्वस्तात मिळणारे शेअर हवेत, पण ताळेबंद वाचत बसणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून म्युच्युअल फंड.

अडचण अशी: सेबीच्या नियमाने स्मॉल कॅप फंडाला किमान ६५ टक्के पैसा बाजारमूल्यात २५१व्या क्रमांकापासून खालच्या कंपन्यांत ठेवावा लागतो. व्हॅल्यू फंडाची (म्हणजे स्वस्तात मिळणारे शेअर शोधणाऱ्या फंडाची) कॅटेगरी वेगळी, त्यात मोठ्या कंपन्याही चालतात. मला दोन्ही एकत्र हवंय! फंडाच्या फॅक्टशीटमधला (माहितीपत्रकातला) पीई, पीबी, म्हणजे शेअरची किंमत नफ्याच्या आणि पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे ते बघून मॅनेजर खरंच स्वस्तात घेतो का, हे कळतं? (सासरे म्हणतात, भाजी संध्याकाळी स्वस्त मिळते, पण का ते बघ.)

२०२४ पासून स्मॉल कॅप फंड स्ट्रेस टेस्टचे आकडे देतात, निम्मा पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील ते. तो आकडा कितपत मनावर घ्यायचा? आणि एकरकमी टाकू की आधी लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, अल्पमुदतीच्या फंडात) ठेवून तिथून एसटीपी लावू, म्हणजे ठरावीक रक्कम हप्त्याहप्त्याने वळवू?

डायरेक्ट प्लॅनच घेणार आहे, एजंटांनी कृपया मेसेज करू नये.