डिस्क गोल्फ: डिस्क दर वेळी डावीकडेच का वळते?

प्रश्न
नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात राहतो. घराजवळच्या पार्कात नऊ बास्केटांचा छोटा डिस्क गोल्फ कोर्स आहे (फ्रिस्बीसारखी डिस्क फेकून साखळ्यांच्या बास्केटात टाकायची), संध्याकाळी लेकीला घेऊन जातो. मी उजव्या हाताने बॅकहँड फेकतो. डिस्क जेमतेम थोडी सरळ जाते आणि डावीकडच्या झुडपात घुसते. दुकानदाराने ‘ही सगळ्यात लांब जाते’ म्हणून दिलेली आहे, तिच्यावर १२, ५, -१, ३ असे आकडे आहेत. काय बदलू?

उत्तर
डिस्क बदला, हात राहू द्या! पहिला आकडा वेगाचा. १२ची डिस्क तेवढ्या जोरात सुटली तरच नीट तरंगते. शेवटचा ३ म्हणजे वेग उतरल्यावर ती किती वळणार. उजव्या हाताच्या बॅकहँडला डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून शेवटी डावीकडे झुकणारच. नवीन खेळणाऱ्याला तो जोर येत नाही, मग ती सुटल्या सुटल्या वळते. ही सध्या कपाटात ठेवा. एक पटर, म्हणजे जवळून बास्केटात टाकायची हळू डिस्क घ्या, उदा. एव्हिआर (२, ३, ०, १), आणि अख्खा कोर्स त्यानेच खेळा, अगदी टीवरून, म्हणजे पहिल्या फेकीलासुद्धा.

दुसरं, डिस्कचा पुढचा काठ बघा. तो वर उचलला गेला की खालून वारा लागतो, डिस्क वर चढते, अडखळते आणि डावीकडे पडते. किटलीतून चहा ओतताना मनगट जसं खाली झुकतं, तसं सोडताना झुकवा. डिस्क छातीलगत सरळ रेषेत ओढा. जोर नंतर येतो.

आणि रंग भडक गुलाबी घ्या. हिरवी गवतात सापडत नाही.

दुसरं उत्तर
क्रिकेट खेळला असाल तर फोरहँड करून बघा. पॉइंटवरून खाली वाकून साइडआर्म थ्रो करतो ना, हात तसाच येतो. अशी फेकलेली डिस्क शेवटी उजवीकडे वळते, म्हणजे डावीकडे झाडं असलेल्या होलला नेमकी कामाची.

तिसरं उत्तर
लेक सोबत असते म्हणून सांगते: ती कायम फेकणाऱ्याच्या मागे उभी असू दे. पार्कात फिरायला आलेली माणसं पुढे जाईपर्यंत थांबा, त्यांना बहुधा कोर्स आहे हेच माहीत नसतं. झुडपात हात घालण्याआधी तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही आहे का बघा, फार खाज सुटते. लेकीला हेही सांगा की साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक यांनी शोधली. २००२मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. माझ्या मुलाला हे ऐकून खेळ एकदम आपला वाटला.

प्रश्नकर्ता
खूप आभार! पटर आजच आणतो. बर्फ पडल्यावर काय करता?

पहिल्या उत्तरातलाच मी
खेळतोच! डिस्कच्या खालच्या बाजूला दोनेक फुटांची रिबन चिकटपट्टीने लावा. डिस्क बर्फात गडप झाली तरी शेपूट वर दिसतं. थंडीत प्लास्टिक कडक होतं, तेव्हा पटर मऊ प्लास्टिकचाच घ्या.