प्रोटॉन पॅक: भंगारातून कितपत हुबेहूब?

प्रश्न: १९८४च्या 'घोस्टबस्टर्स' सिनेमातला प्रोटॉन पॅक (भुतं पकडायचं पाठीवरचं यंत्र) बनवतोय. कवच फोमशीटचं, सायक्लोट्रॉनसाठी (पॅकच्या खालचा गोल भाग) केकचा डबा. पण एवढं धूड पाठीवर अडकवू कशावर?

उत्तर: मूळ पॅक अमेरिकी लष्कराच्या पाठपिशवीच्या 'ॲलिस' फ्रेमवर होता. ती नसेल तर जुन्या ट्रेकिंग सॅकची ॲल्युमिनियम फ्रेम घ्या. मध्ये प्लायवूडची फळी आणि आरपार बोल्ट. नुसत्या गोंदावर भरवसा नको! कमरपट्टाही हवाच, नाहीतर खांदे बोंबलतील.

दुसरं उत्तर: रंग मॅट काळाच. चकचकीत मारलात की खेळणं झालं. कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी घासा. रिबन केबल (पट्टीसारखी चपटी वायर) मात्र इंद्रधनुषी शोधा, करडी लगेच खटकते.

प्रश्नकर्ता: सॅक सापडली! बोल्ट कवचाआधी की नंतर?

उत्तर: आधी. नंतर पाना आत शिरणार नाही.