अक्षरांवरचा पोत: लेअर स्टाइल साठवावी की स्मार्ट ऑब्जेक्ट करावा?

कोरीव:
फोटोशॉपमध्ये गंजलेल्या पत्र्यासारखी किंवा दगडासारखी अक्षरं एकदा जमली की बहुतेक जण लेअर स्टाइल (चित्राच्या एका थराला, म्हणजे लेअरला, लावलेल्या इफेक्ट्सचा संच) सेव्ह करतात आणि काम झालं असं धरतात. पोत असलेल्या अक्षरांसाठी ही पद्धत अपुरी आहे, असं माझं मत आहे. स्टाइलमधली मापं पिक्सेलमध्ये असतात. ३०० पिक्सेल उंच अक्षरावर १२ पिक्सेलचा बेव्हल (कडेचा उठाव) उठून दिसतो. तोच ६० पिक्सेलच्या अक्षरावर टाकला की अक्षराचा आकारच हरवतो. शिवाय ड्रॉप शॅडो (सावली), स्ट्रोक (कडेची रेष) कितीतरी वेळा लावता येतात, पण पॅटर्न ओव्हरले (अक्षरावर पसरवलेली नक्षी किंवा पोत) एका लेअरला एकच. गंज वेगळा आणि ओरखडे वेगळे हवे असतील तर काय करायचं?

त्यापेक्षा टेक्स्ट लेअर, त्यावर क्लिपिंग मास्कने (फक्त अक्षराच्या आकारात दिसतील असे) बसवलेले पोताचे दोन-तीन लेअर, वर लेव्हल्स (उजेड-काळोख जुळवणारा लेअर), हे सगळं एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे उघडून बदलता येणाऱ्या आतल्या फाइलमध्ये, ठेवा. डबल-क्लिक करून शब्द बदला, सेव्ह करा. लहान-मोठं केलं तरी आतलं प्रमाण ढळत नाही.

ठसा:
अजिबात पटलं नाही. मापाच्या अडचणीवर उपाय मेनूतच आहे: लेअर स्टाइलमधलं स्केल इफेक्ट्स. तुमच्याच उदाहरणात २० टक्के टाका, झालं. पूर्ण चित्राचं माप बदलताना इमेज साइजमध्ये स्केल स्टाइल्स चालू ठेवा.

स्मार्ट ऑब्जेक्टची खरी अडचण तुम्ही सांगितलीच नाही. आतल्या कॅनव्हासचं माप ठरलेलं असतं. लांब शब्द लिहिला की कडेला कापला जातो. मूळ मापापेक्षा मोठं ताणलं की धूसर होतं. स्टाइल मात्र जिवंत टेक्स्टवर असते, त्यामुळे अक्षराची कड कुठल्याही मापाला धारदार राहते. आणि स्टाइल साठवायच्या एएसएल फाइलमध्ये पॅटर्नही सोबत जातो, क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअरसुद्धा ती फाइल घेतं.

कोरीव:
कड धारदार राहते हे मान्य, पण पोताचं काय? पॅटर्न स्वतः पिक्सेलचाच असतो. १०० टक्क्यांच्या वर नेला की तोही धूसरच. कॅनव्हास मुळातच मोठा घेतला की लांब शब्दांचा प्रश्न येत नाही.

शाईवाली:
तुम्ही दोघं सोयीबद्दल बोलताय, मला दिसण्याबद्दल बोलायचंय. पोत खोटा वाटतो तो पुनरावृत्तीमुळे. पॅटर्न फरशीसारखा जोडत जातो, म्हणून तोच ओरखडा ठरावीक अंतरावर परत येतो. देवनागरीत हे सगळ्यात आधी शिरोरेषेवर उघडं पडतं, कारण तिथे शब्दभर सलग आडवी पट्टी असते आणि नजर त्या रेषेवरूनच पुढे सरकते. अनुस्वार आणि बारीक मात्रा तर जाड बेव्हलमध्ये गिळल्याच जातात. म्हणून मी स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत पोताचं चित्र शब्दापेक्षा बरंच मोठं ठेवते आणि प्रत्येक शब्दासाठी ते सरकवते, थोडं फिरवते. पद्धत पुन्हा वापरावी, ओरखडे नाहीत.

ठसा:
शिरोरेषेचा मुद्दा बरोबर आहे. पण सरकवणं स्टाइलमध्येही जमतं. पॅटर्न ओव्हरलेची खिडकी उघडी असताना कॅनव्हासवर माउसने ओढा, पॅटर्न सरकतो. फिरवण्यासाठी नव्या आवृत्त्यांत अँगल दिलाय. एका बैठकीत ढीगभर शीर्षकं करायची असतील तर प्रत्येक वेळी आतली फाइल उघडणं परवडत नाही.

रंगपेटी:
गिंप (फोटोशॉपसारखंच मोफत सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना हा वाद नवा आहे. २.१० पर्यंत फिल्टर लावला की तो पिक्सेलमध्ये मुरायचा. २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लेअरवर तसेच राहतात, नंतर बदलता येतात. मला यात स्टाइलवाल्यांची बाजू जवळची वाटते.

कोरीव:
ढीगभर शीर्षकं एकाच मापाची असतील तर ठसा यांची पद्धत वेगवान आहे, हे मान्य. मापं वेगवेगळी असतील तर मी माझ्या मतावर ठाम आहे. स्मार्ट ऑब्जेक्ट वापरणाऱ्यांनी एक मात्र पाहावं: कंट्रोल-जे ने केलेल्या प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात, एकीतला शब्द बदलला की सगळीकडे बदलतो. वेगळा शब्द हवा असेल तर न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी वापरा.