मदत हवी आहे: कुर्ली (खाडीतला मोठा खेकडा) शांत असताना तिचं रक्त घ्यायचं कसं?

मंडळी, रत्नागिरीत एमएस्सी झूलॉजी करतेय, प्रोजेक्ट कुर्लीवर आहे, म्हणजे खाडीतून काढून सुतळीने बांधून ओल्या गोणपाटात बाजारापर्यंत नेतात तेव्हा तिच्या शरीरात काय होतं ते बघायचंय. ताण आला की डोळ्याच्या देठातून हॉर्मोन सुटतं आणि रक्तातली साखर वाढते, ती मोजायची. पण अडचण अशी की भाट्ये खाडीतली कुर्ली नुसती हातात धरली तरी साखर वाढणारच ना, मग शांत असतानाची पातळी मिळणार कधी?

काल मागच्या वल्ह्यासारख्या पायाच्या सांध्यात सुई घातली, फिकट निळसर रक्त आलं, इतका आनंद झाला, पण सिरिंजमध्येच गोठलं. दुसऱ्या कुर्लीने तर घाबरून पायच टाकून दिला, फार वाईट वाटलं मला.

टाकीत किती दिवस ठेवून सॅम्पल घेता? बर्फात गार केली तर तोही ताणच झाला ना? आणि माणसांचं शुगर मशीन यासाठी चालतं का, आमच्याकडे तेवढंच आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सांगा, पुढच्या अमावस्येच्या उधाणाला परत खाडीवर जायचंय.