मदत हवी आहे: कापूस एकाधिकार आणि हमीभाव, यातला समाजवाद कुठला?

कपाशी_प्रश्न: वादविवाद स्पर्धेचा विषय आहे ‘बाजारात सरकार किती असावं?’ महाराष्ट्रातली १९७२ची कापूस एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारने घ्यायचा) समाजवादी आणि आजची सीसीआयची (केंद्र सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाची) हमीभावाने होणारी खरेदी भांडवलशाहीतली, असं मांडलं तर चालेल का? दोन्हीकडे कापूस सरकारच घेतं. मग एकाधिकारच का बुडाला?

पणन_अभ्यासक: सरकार खरेदी करतं का, हे बघू नका, बाकीच्यांना मनाई आहे का, ते बघा. १९७१च्या कायद्याने राज्यातला सगळा कापूस सरकारलाच घालणं बंधनकारक झालं. व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. सरकारच्या वतीने सहकारी पणन महासंघ खरेदी करायचा, जिनिंग (रुई आणि सरकी वेगळी करणं) करून घ्यायचा, रुईच्या गाठी आणि सरकी विकायचा. हमीभावात सरकार फक्त तळ धरून ठेवतं. भाव वर असेल तर शेतकरी खुशाल व्यापाऱ्याकडे जातो.

बुडण्याचं मुख्य कारण राज्याची हद्द. बाहेर भाव चढला की कापूस चोरून मध्य प्रदेश, गुजरात, आंध्रात जायचा. पडला की तिकडचा माल इथल्या खरेदी केंद्रांवर यायचा. म्हणजे तेजीत महासंघाला माल कमी आणि मंदीत ढीग. त्यात हमीभावावर जादा रक्कम आगाऊ दिलेली. नफा झाला तर बोनस शेतकऱ्याला, तोटा झाला तर राज्याच्या तिजोरीवर. अशा रचनेत चढउतार निधी (भाव पडल्यावर तोटा झेलायला ठेवलेला पैसा) टिकणार कसा? शिवाय शेतकऱ्यांचे चुकारे (कापसाचे पैसे) रखडायचे, प्रतवारीवरून रोजची भांडणं. २००२नंतर खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली.

वऱ्हाडी_वाचक: एक दुरुस्ती. जमीन शेतकऱ्याचीच होती, काय पेरायचं तेही तोच ठरवायचा. त्यामुळे सरसकट ‘समाजवाद’ म्हणू नका, परीक्षक तिथेच पकडतील. ‘व्यापाराचं सरकारीकरण’ म्हणा. आणि हमीभावाची बाजू गुळगुळीत करून मांडू नका. २०२५-२६ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता, पण ८ टक्के ओलाव्याला. पुढच्या प्रत्येक टक्क्याला ८१.१० कापायचे. ११ टक्के निघाला तर २४३.३० जाऊन हातात ७,८६६.७०. १२च्या वर तर घेतच नाहीत. पहिल्या वेचणीचा कापूस ओलसर असतो, आणि नेमकी तेव्हाच दिवाळीची, देण्याघेण्याची नड असते. खरेदी केंद्र उशिरा उघडलं की तो माल पडेल भावात व्यापाऱ्याकडे जातो. हमी कागदावर राहते.

पणन_अभ्यासक: मान्य. मग मांडणी अशी करा: मनाई कोणाला, तोटा कोणाच्या माथी, आणि नडीच्या वेळी केंद्र उघडं आहे का. वेळ कमी असेल तर पहिले दोन मुद्दे आटोपते घ्या. तिसऱ्यावर वरचा ११ टक्क्यांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा.